शंभर हॉर्सपॉवर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही.

मानवतला माझं गॅरेज आहे, पंचवीस वर्षं झाली. आमच्याकडे जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आधी मिस्त्रीला दाखवतात. त्याने मान हलवली तर सौदा, नाही तर नाही. तर बालाजी—माझा शाळेपासूनचा दोस्त, सोनपेठला मास्तर—मला परभणीला घेऊन गेला. तिथल्या एका वकिलाला स्पोर्ट्स कार विकायची होती. दोन दारांची, बुटकी, लाल. आणि बालाजीला परवडेल अशी. कागदावर शंभर हॉर्सपॉवर. एवढ्या ताकदीत भागेल का, इतकंच त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं.

ट्रायल मी घेतली. काय सांगू? हलकी गाडी, तिला शंभर म्हणजे भरपूर. पाथरी रोडला जोरात वळणावर घातली तर जराही घसरली नाही. जास्त ताकद घेऊन करायचं काय—पुढच्या गतिरोधकाला ब्रेकच मारायचा ना? इतकी मजेची गाडी मी आयुष्यात चालवलेली नाही. आणि बाजूला बालाजी खुशीत बसलेला—ज्याला प्लग कुठे असतो तेसुद्धा ठाऊक नाही. मी जन्मभर लोकांच्या गाड्यांखाली झोपायचं आणि ही याच्या दारात उभी राहायची? माझा नुसता जळफळाट झाला.

उतरून मी बोनेट उघडलं, उगाच वाकून बघितलं. मग म्हटलं, "दम न्हाई रे हिच्यात. असल्या गाडीला दोनशे तरी लागतेत. लोक हसतील तुला."

बालाजीने छतावरून एकदा हात फिरवला. "तू म्हनायलास तर राहू दे."

दोनशेवाली त्याला कधीच परवडणार नव्हती. ते मला पक्कं ठाऊक होतं—म्हणून तर दोनशे म्हणालो.

त्याने घरच्यांसाठी पांढरी, चार दारांची गाडी घेतली. पुढे त्याची कंबर गेली. आता डॉक्टरांनी गाडी चालवायलाच बंदी केली आहे. रविवारी तो एसटीने येतो, गॅरेजमध्ये बसतो. कुणी जुनी गाडी दाखवायला आणली की त्या माणसाला सांगतो, "याचं ऐका. मला यानंच वाचवलं."

गिऱ्हाईक माझ्याकडे आदराने बघतं. मी पाना फिरवत राहतो. मी त्याला एकदाही थांबवलेलं नाही.