दूध उतू गेलं, सर बोलतच होते

मागच्या सुट्टीत एका रविवारी अकोल्याला मेव्हण्याकडे गेलो होतो. जेवायला बोलावलं होतं. जेवण होतंच... पण आधी व्याख्यान होतं.

मेव्हणा कॉलेजात प्राध्यापक. मी फौजेत हवालदार, स्टोअरचं काम पाहतो. सामान कुठून उचलायचं, कुठे आणि कधी पोचवायचं, यातच सगळी उमर चालली. दोनेक वर्षांत पेन्शनीत निघेन, आणि आत्तापासूनच अमरावतीत भेटेल तो एकच विचारतो, "मग काय, सिक्युरिटी एजन्सी?"

गेटवर उभं राहणं वाईट नाही हो. पण उभं राहून राहून आता कंटाळा आलाय. जे काम येतं तेच खुर्चीत बसून करावं म्हणतो... आणि खुर्ची डिग्री मागते.

बीए नोकरीतच कसंबसं केलं. पुढे एमएला दोनदा नाव घातलं. एकदा ऐन परीक्षेच्या आठवड्यात युनिट हललं. दुसऱ्यांदा सुट्टी मंजूर झाली, बॅग भरली, आणि सुट्टीच रद्द झाली. पुस्तकं कोरीच्या कोरी राहिली.

आता एक ऑनलाइन एमबीए सापडलं होतं. मान्यता आहे का ते पाहून घेतलं. व्याख्यानं रेकॉर्ड केलेली, रेंज मिळेल तेव्हा उतरवून घ्यायची, सवडीने पाहायची. तयारी झाली की परीक्षेची तारीख आपणच निवडायची. प्रवेश मात्र सुट्टी संपायच्या आत घ्यायचा होता, कारण माझ्या पोस्टवर रेंजचा काही भरवसा नाही. हे सगळं मी मोठ्या उत्साहाने मेव्हण्याला सांगितलं आणि फसलो.

"जवाईबापू, ना वर्ग, ना हजेरी... हे काय शिक्षण हाय का? सवडीनं शिकतो म्हणणारा कधीच शिकत नाई. पेन्शनीत या, मंग रेग्युलर करा. अमरावतीत काय कॉलेजं कमी हायत?"

माणूस खोटं बोलत नव्हता ना! आमचं आयुष्य शिट्टीवर चालतं. शिट्टी वाजली की उठायचं, वाजली की पळायचं. शिट्टी न वाजता मी अभ्यासाला बसेन, यावर माझाच विश्वास नव्हता.

परतीच्या एसटीत माझी बायको शीतल खिडकीला डोकं टेकून बसली होती. मूर्तिजापूर मागे पडल्यावर मी म्हटलं, "जाऊ दे ते एमबीए." तिचं उत्तर उशिरा येतं, पण येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच मोबाईल हातात दिला. नमुन्याचं एक व्याख्यान फुकट पाहता येत होतं, पाहून तर घ्या म्हणाली. गॅसवर दूध ठेवलं, लक्ष ठेवा म्हणून बजावलं, आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली.

मी ओट्याला लागूनच खुर्ची घेऊन बसलो. स्क्रीनवर टाय लावलेले एक सर आले. माझी पाठ आपोआप ताठ झाली. सर बोलत होते, मी ऐकत होतो... आणि दूध वर यायला लागलं.

आता काय सांगू तुम्हाला... मी उठलोच नाही. साहेब बोलत असताना मध्येच उठून जाणं अंगातच नाही हो. दूध गेलं, गॅस विझला, ओटा पांढरा झाला. तेव्हा कुठे हात लांबवून बटण तेवढं बंद केलं, तेही बसूनच. सर बोलतच होते.

जळक्या वासाने शीतल धावत आली. "अवो! सारं दूध गेलं नं! उठले काहून नाई?"

"सर बोलत होते..."

"ते मोबाईलमंदी हायत! थांबवा नं त्यायले!"

तिनेच येऊन अंगठा दाबला. सर तोंड उघडं ठेवून थांबले. आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "पाहिलंस? तुझा भाऊ बरोबर बोलतो. माझ्याच्यानं नाही होणार हे."

तिने हातातलं फडकं ओट्यावर आपटलं.

"आपल्या घरात कोणतं काम टायमावर झालं, सांगा बरं मले? ओवीचं बारसं केलं तवा पोरगी पाळण्यातून उतरून पळून राहिली होती! नाव ठेवाले बाप पाह्यजे म्हणून तवालोक सारे तिले नुसतं 'बाई' म्हनत होते. दिवाळी तुमी याल तवा. तरी झालं नं सारं? काही राह्यलं का? मंग हे डिग्रीच कशी राहते?"

मला ते बारसं आठवलं. माझ्या बहिणीने ओवीच्या कानात कुर्रर्र केलं, तर ओवीने तिचा कान धरून उलट तिलाच कुर्रर्र केलं होतं. सगळे हसत होते, आणि मी मागच्या खोलीत जाऊन रडलो होतो. लेकीचं सगळं उशिरा होतंय, याचंच वाईट वाटत होतं. ते सगळं कोणीतरी माझ्यासाठी धरून ठेवलंय, हे डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच दुपारी प्रवेश घेतला. मेव्हण्याला फोन केला, तो एवढंच म्हणाला, "करा बापा." आणि त्या आठवड्यात बडनेऱ्याहून गाडी पकडली.

आता पोस्टवर आहे. दिवसभराच्या कामाने डोळे मिटतात, एक व्याख्यान चार वेळा सुरू करावं लागतं. पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं की रेंज येते. परवा तिथूनच घरी फोन लावला.

"काहो, सर कुठलोक आले?" शीतलने विचारलं.

"अर्ध्यावर थांबवलेत. गाड्या आल्यात, सामान उतरवायचंय."

"थांबू द्या मंग," ती म्हणाली. "आमाले तं सवयच हाय थांबायची."

फोन ठेवून गाड्यांकडे निघालो, मनातच तिला म्हटलं... शीतल, परीक्षेची तारीख मला निवडायची आहे ना, ती तू सांगशील ती घेईन.