ओट्यावरची बशी
भजी तळल्याचा वास आला की अजूनही माझे हात गार पडतात. पेस्ट कंट्रोलच्या कामावर असताना वर्तकनगरच्या एका घरात उंदरांसाठी विषाची भजी ठेवायला गेलो होतो. फोन आला म्हणून बशी ओट्यावर टेकवून गॅलरीत गेलो. परतलो तर अंधुक नजरेचे आजोबा भजं तोंडाशी नेत म्हणत होते, "सूनबाई, गार झाली गं भजी!" मी झडप घालून ते पाडलं. "आधी एखादं खाल्लंत का?" "नाही रे, हे पहिलंच." सून धावत आली, तसा मी घाबरून म्हणालो, "ताई, मी बशी फ्रिजमागे ठेवली होती, यांनीच काढली." पुढच्या फेरीला स्वयंपाकघराला कडी होती आणि आजोबा दाराबाहेरून पाणी मागत होते. तेव्हाही मी खरं न सांगता फ्रिजमागे नवी बशी सरकवून निघालो. ताई, ती बशी ओट्यावर मी ठेवली होती.