टेकलेलं ड्रिल उचलायचं नाही

सिकंदराबादच्या लष्करी वर्कशॉपमध्ये माझी पोस्टिंग झाली तेव्हा हैदराबाद राज्याची वाटणी नुकतीच झाली होती. मराठी मुलूख मुंबईकडे गेला आणि आमची माणसंही त्याच्या मागोमाग गेली. थोरला भाऊ महसुलात होता, त्याची बदली औरंगाबादला झाली. हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या आमच्या घरात मी एकटा उरलो. संध्याकाळी कुलूप उघडायचा कंटाळा यायचा.

वर्कशॉपमध्ये मराठी बोलणारा एकच, लान्स नाईक किसन. परभणीकडचा. रिकव्हरी गाडीचा ड्रायव्हर. बंद पडलेला रणगाडा ओढून आणणारी ही गाडी स्वतःही रणगाड्याएवढीच जाडजूड असते. रविवारी तो बरकतपुऱ्यावरून अंबाडीची जुडी घेऊन यायचा आणि मी भाकरी थापायचो. पहिला तुकडा मोडताना दर वेळी म्हणायचा, "दादा, हिला कार्बाइडचं ड्रिल लावा." मी शिव्या घालायचो, तो खायचा.

ड्रिलचं त्याला माहीत होतं, कारण मी हवालदार फिटर आणि माझ्याकडे तेव्हा तेच काम होतं. कडक पोलादाला भोक पाडायची नवी बिटं आली होती. ती पारखून रिपोर्ट द्यायचा होता. काही कोबाल्टची, काही कार्बाइडच्या टोकाची. ज्या पोलादावर चाचणी चालली होती ते मोठं खाष्ट. नुसतं घासलं तरी आणखी कडक होणारं. त्याला वेग कमी लागतो, तेल भरपूर लागतं आणि अंगाचा भार द्यावा लागतो. टेकलेलं ड्रिल मधे सैल सोडलं की भोकाचा तळ काचेसारखा होतो, मग तिथं काही चालत नाही. मशीनवर आवळून घेतलेल्या चाचणीत कार्बाइड पहिलं आलं. हातात धरून चाचणी घ्यायची अजून बाकी होती.

आमच्याकडे आणखी एक रीत होती. गाडीत शिरून डोक्यावरचं लोखंडी झाकण बंद केल्यावर ड्रायव्हर आतून पान्याने दोनदा ठोकायचा. बाहेरच्याने दोनदा ठोकून उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

त्या दुपारी किसन गाडी ट्रायलला घेऊन गेला होता. दगडाच्या खाणीची कड ढासळली आणि गाडी कुशीवर पडली. ड्रायव्हरचं झाकण वाकून अडकलं आणि पेट्रोल आत गळू लागलं. सुभेदार साहेब पंजाबी होते, कमी बोलायचे. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"गॅस कटर नहीं चलेगा. कब्ज़े की पिन ड्रिल करो."

झाकणाच्या बिजागरीची ही पिन त्याच खाष्ट पोलादाची होती. कॉम्प्रेसर लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला लावला आणि हवेचं ड्रिल ओढून आणलं. कार्बाइडचं बिट लावलं. हाताच्या थरथरीने त्याचं टोक तिथल्या तिथं उडालं आणि तुकडा भोकात रुतला. पेटीत न वापरलेलं कोबाल्टचं बिट एकच होतं. शेजारी नवी खूण केली. सुभेदार साहेबांनी सगळ्यांना बजावलं की झाकणाला कोणी हात लावायचा नाही, हादरा बसला तर हेही तुटेल.

मी फटीला तोंड लावलं. "किसन, आता आवाज होईल. येतोच."

"हौ दादा. मी कुठं जातोय?"

ड्रिल टेकलं. एक जवान तेल सोडत होता. चुरा जाड पडत होता, म्हणजे बिट कापत होतं. आवाजात कानाला काही कळत नव्हतं, पण थोड्या वेळाने तळहाताला कळलं. दोनदा. तो आतून ठोकत होता.

उत्तर द्यायचं तर ड्रिल उचलावं लागलं असतं. मी अंग आणखी रेललं. पुन्हा दोनदा ठोकलं. मग बराच वेळ काही नाही. मग एकदाच, हलकं. जीव नुसता तुटत होता, हात मात्र मी हलवला नाही.

बिट आरपार गेलं. पहार घालून झाकण उघडलं. किसनच्या हातात पाना होता. पेट्रोलच्या वाफेने गुदमरून गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुभेदार साहेब माझ्याजवळ येऊन बसले. "तूने ठीक किया," एवढंच म्हणाले.

रिपोर्टमध्ये लिहिलं, कार्बाइड फक्त आवळलेल्या मशीनवर, हातकामाला कोबाल्ट. रिपोर्ट पास झाला. त्या रविवारी मी चूल पेटवली नाही. पुढे पुष्कळ रविवार पेटवली नाही.

मी केलं ते बरोबरच होतं. थांबलो असतो तर पिन तुटलीच नसती. पण तो उत्तराची वाट बघत गेला, हे काही केल्या मनातून जात नाही.

आजही मी नल्लकुंट्यातच राहतो. दारावर टकटक झाली की आधी आतून दोनदा ठोकतो, मग कडी काढतो. नातवंडं हसतात, अर्ध्या तेलुगूत एकमेकांना काहीबाही सांगतात. हसू देत. बाहेरच्याला कळायला हवं, आत माणूस आहे आणि त्याने ऐकलंय.