सरांचा पिक्चर आणि आमचे वडे

थेटरच्या कँटीनमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. कढईच्या काठाला तेलाचा थर धरतो तसे ते आपोआप साचतात, आणि किती घासा, निघत नाहीत! मी चौथी शिकलेली बाई. पिक्चरमधलं मला काय कळणार, असं पुष्कळांना वाटतं. वाटू दे. वडे तळून तळून मला जे कळलं, ते पेपरात पिक्चरवर लिहिणाऱ्यांनाही कळत नाही.

केबल नुकती घराघरांत घुसत होती, तेव्हाच्या या गोष्टी. आमच्या थेटरात बेलापूरच्या ऑफिसांतले क्लार्क यायचे, घणसोलीची मंडळी यायची, दिघ्याचे कंपनीवाले यायचे. कँटीनमध्ये मी आणि हिराबाई. दारावर टॉर्च घेऊन कदम.

कदमची एक पद्धत होती. इंटरवलला वीस मिनिटं राहिली की तो पडदा सारून आमच्याकडे दोनदा टॉर्च मारायचा. मग आम्ही कढईत वडे सोडायचो. पण कधीकधी टॉर्चच्या आधीच माणसं बाहेर यायला लागायची. एक आला तर लघवीला. चार आले तर पिक्चर आजारी. दहा आले की कदम ओरडायचा, "मावशी, पिक्चर गेला! खांदा द्यायला चला!"

म्हणजे आमचं सगळंच उलटं. पिक्चर पडला की वडे संपायचे. पिक्चर चांगला असला की ताटात बसून राहायचे.

*

हिराबाई कँटीनला कशी आली, ते ऐका.

एक पिक्चर लागला होता. नवरा गेल्यावर त्याची होडी स्वतः चालवायला घेणाऱ्या बाईचा. डायरेक्टरचं नाव सांगत नाही, माणूस अजून आहे. हिराबाई घणसोली गावातली. तिचाही नवरा वर्षापूर्वी गेलेला, आणि सासू उंबरा ओलांडू देत नव्हती. बहिणीने तिला चोरून पिक्चरला आणली.

पिक्चर सुटला, बहीण रिक्षा बघायला गेली. ही लाल डोळ्यांनी सरळ माझ्या काउंटरवर. "बाय, इथं काय काम हाय का?"

मी विचारलं, "वडे तळता येतात?"

"नाय. पन ती तरी कुठं होडी शिकून आल्ती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बटाटे सोलायला हजर! त्या दिवसापासून तो डायरेक्टर म्हणजे 'आपले सर'. हिराबाईने पोस्टरवरचा त्यांचा फोटो कापून मिठाच्या बरणीच्या वर चिकटवला. टोपी घातलेला, दाढी वाढलेला माणूस. मी म्हटलं, "अगं, देव आहे का तो?" तर म्हणाली, "देवाने कुठं मना कामाला लावलं?"

*

दिघ्याचा एक कंपनीवाला होता. रात्रपाळी करून मॅटिनीला यायचा तो झोपायला. खोलीत सहा जण, तिथे कुठली झोप! कदम त्याला शो सुटल्यावर उठवायचा. तोवरच्या एवढ्या वर्षांत तो फक्त होडीच्या पिक्चरला जागा राहिला. बाहेर येऊन माझ्यावरच डाफरला, "मावशी, असे पिक्चर नका लावत जाऊ. झोपेचं खोबरं होतं!"

*

तीन वर्षांनी सरांचा नवा पिक्चर आला. शुक्रवारी सकाळी मी बटाटे निम्मेच उकडले. सरांचा पिक्चर, मधून कोण उठणार?

अर्ध्या तासात चार जण बाहेर. हिराबाई म्हणाली, "थंडी हाय, लागली असंल." मग दहा. मग रांग!

"मावशी, वडा द्या."

"इंटरवलला या."

"तोवर जगलो तर येतो!"

वडे संपले, पाव संपले, बिस्किटंसुद्धा संपली. कदमला विचारलं, आत चाललंय तरी काय? तो म्हणाला, "निम्मे झोपलेत. आणि दिघेवाला तेवढा जागा आहे, म्हणतो घोरण्याने झोप लागत नाही!"

कढई उतरवून मी स्वतः आत गेले. बघते तर हिरॉइन बर्फात नाचतेय. अंगात स्वेटर नाही, पायात चप्पल नाही. होडीवाल्या बाईच्या तळहाताचे फोड दाखवणारा माणूस हा, आणि हिला साधी सर्दी होत नाही? मला असा राग आला! पाचच मिनिटांत बाहेर आले आणि म्हटलं, "भिकार आहे."

हिराबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आपल्या मानसाला असं बोलतात?"

"आपला आहे म्हणूनच बोलते. लोकांच्या पोराला कोण रागावतं?"

*

हिराबाईने हट्टाने सासूला आणलं. सोबत गल्लीतल्या अकरा बायका, टेम्पो करून! म्हातारीला दाखवायचं होतं, मला घराबाहेर कोणी काढलं ते बघ.

बर्फाचं गाणं लागलं आणि म्हातारी पदर सावरत सगळ्यांच्या पुढे बाहेर. "ह्ये पांढरं बघायला आनलंस व्हय आमाला? आपले मिठागरान ढीगच्या ढीग हाय! तिथं नाच की!"

अकराच्या अकरा बायका हसल्या. हिराबाई सोडून. तिने वळून बरणीवरच्या फोटोकडे बघितलं, पण काढला नाही.

*

त्याच आठवड्यात सर आले. शो चालू असताना, एकटेच, तीच टोपी. रिकाम्या खुर्च्या बघून आले असणार. हिराबाईने ओळखलं आणि हात पुसत धावली. "सर, लय भारी पिक्चर हाय!"

मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस. त्यांनी आपल्याला कधी खोटं दाखवलं नव्हतं. या खेपेपर्यंत."

हिराबाईने माझा पाय असा चेपला की अंगठा सुजला. सर काउंटरला टेकून उभे राहिले. म्हणाले, "बर्फ माझा नव्हता हो, प्रोड्यूसरने घालायला लावला. पण नाव माझंच आहे." मग म्हणाले, "आता नाही काढणार. गावी शाळेत चित्रकला शिकवायचो, तेच बरं होतं."

"एक घाणा करपला म्हणून कढई फेकतात होय?" मी ओरडलेच. "ही बाई तुमच्यामुळे उंबऱ्याबाहेर पडली. तुम्ही आता घरात बसणार?"

ते हिराबाईकडे बघत राहिले. तिने तोवर गरम वडा पुढे ठेवला होता. खाता खाता त्यांनी विचारलं, "पिक्चर बरा की वाईट, हे तुम्हाला इथं उभं राहून कळतं कसं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. टॉर्च, रांग, ताटात राहिलेले वडे. त्यांनी वडा संपवला. हात धुतले आणि गेले.

*

दोन वर्षं गेली. फोटो तेलाने पिवळा पडला. आणि एका शुक्रवारी सरांचा पिक्चर लागला.

हिराबाई म्हणाली, "बटाटे किती घालू?" मी म्हटलं, "भरपूर घाल. उगाच आस लावून बसू नकोस."

अर्धा तास झाला, कोणी आलं नाही. तास झाला. कदमने दोनदा टॉर्च मारला, आम्ही वडे सोडले, ताट भरलं. घंटा झाली. दारं उघडली. आणि एक माणूस बाहेर येईना! पाच मिनिटांनी कदम आला, नाक ओढत. "दिवे लागलेत, तरी बसूनच आहेत सगळे. दिघेवाला मला म्हणतो, लवकर चालू कर!"

जिन्याच्या बाजूने टोपीवाला माणूस आला. दाढी पांढरी झाली होती.

"मावशी, वडा गरम आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "गार पडलेत."

हिराबाई झारा घेऊन उठली, परत तळून द्यायला. मी तिचा हात धरला.

सरांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली. "मग चार द्या," म्हणाले.