काळ्या घोड्यावरचा राजा

माझा दादा थापा मारण्यात पटाईत, आणि त्याची सगळ्यात मोठी थाप एका राजाची. आम्ही लहान असताना पिंपळवंडीच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम होता. त्यातल्या एका कॅसेटमध्ये दोन सैनिक गोळ्या झाडत पळत सुटायचे. लाल चड्डीतला दादाचा, निळ्या चड्डीतला माझा. शेवटच्या राक्षसापुढं आळीत कुणाचंच काही चालायचं नाही. एकदा आम्ही दोघं त्याच्यापर्यंत पोचलो, तो मरायला टेकला, आणि लाईट गेली. मेलं ते लोडशेडिंग! मी भोकाड पसरलं. दादा मात्र रुबाबात अंगणात गेला आणि पोरांना म्हणाला, "संपवला राव! शेवटी काळ्या घोड्यावर राजा येतो अन् हातात तलवार देतो."

खरं काय ते मला एकटीला ठाऊक. पण राजा इतका झकास होता की खोडून काढायला जीभ वळेना. पुढं दादाचं लग्न झालं, मुली झाल्या, आणि त्याच्या थापेत राजामागं हत्तीही आले. मुली मोबाईलवर गेमचा शेवट शोधायला लागल्या की दादा डाफरायचा, "आयतं बघायचं न्हाई! जिंकूनच बघायचं!"

यंदा भाऊबीजेला तो वहिनी आणि मुलींना घेऊन माझ्याकडं ओतूरला आला. मी ओवाळलं, तसं वहिनीनं ताटात एक खोकं ठेवलं. तोच जुना गेम, नव्यानं काढलेला. मुलींनी गुपचूप मागवलेला. धाकटी टाळ्या पिटत म्हणाली, "आत्या, आज आमाला राजा बघायचाय!" दादाचं तोंड अगदी बघण्यासारखं झालं.

मी चहा टाकायला आत गेले, तर हा मागोमाग. "अगं, शेवटपर्यंत जाऊ देऊ नको. पोरी मला खोटा म्हणतील. परत माझ्या कुठल्याच गोष्टीवर इस्वास ठेवायच्या न्हाईत." बिचारा खरंच घाबरला होता. मला दया आली, पण हसू त्याहून जास्त आलं.

खेळायला बसलो. दादानं पहिल्याच खड्ड्यात मुद्दाम उडी घेतली आणि "वय झालं आता" म्हणत उठायला लागला. पण ह्या नव्या गेममध्ये खेळ मागं फिरवायचं बटण आहे. मी ते दाबलं, की दादा खड्ड्यातून वर. तो पुन्हा पडला, मी पुन्हा काढला. गोळ्यांपुढं छाती काढून उभा राहिला, तरी जिवंत!

"अगं, मरू दे की मला!" तो ओरडला.

"सणासुदीचं काय अभद्र बोलताय!" वहिनी खेकसली. मी हसून हसून बेजार.

शेवटी राक्षस मेला. सगळीकडं जाळ उठला, कुणाकुणाची नावं वर सरकत गेली आणि गेम परत पहिल्यापासून सुरू झाला. ना घोडा, ना राजा.

धाकटीनं बापाकडं वळून पाहिलं. "बाबा, राजा कुठंय?"

पण दादाची जीभ कसली बिलंदर! "हे नवीन काढलंय ना, ह्यात कापला त्याला. जुन्यात व्हता. इचारा आत्याला."

झालं, सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी लावलेला टिळा दादाच्या कपाळावरून घामानं ओघळत होता. माझाच भाऊ तो, त्याला पोरींपुढं कसा उघडा पाडू?

"व्हता की," मी म्हणाले. "काळ्या घोड्यावर. मी ह्या डोळ्यांनी पाहिलाय."

दादानं केवढा सुस्कारा सोडला!

"पण तलवार त्यानं मला दिली. म्हणाला, लाल चड्डीवाला नुसता खड्ड्यात पडत व्हता, जिंकलं ते हिनं."

मुली डोळे वटारून दादाकडं बघत होत्या.

"हो," तो म्हणाला, "हिलाच दिली."