दाजी बंदूक घ्यायला निघतात

भित्र्या माणसांचं जागतिक संमेलन भरलं, तर त्याचं अध्यक्षपद आमच्या दाजींना बिनविरोध मिळेल. फक्त ते संमेलनाला जाणार नाहीत, कारण एवढी माणसं एका हॉलमध्ये कोंबल्यावर आग लागली तर काय, हा प्रश्न त्यांना आमंत्रण वाचतानाच पडेल. दाजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, अंगाने धिप्पाड, आणि मिशा अशा की अनोळखी माणसाने त्यांना फौजदार समजून आपणहून लायसन्स काढून दाखवावं. अमेरिकेतल्या कोलंबस शहराच्या कडेला, डब्लिन नावाच्या उपनगरात, मक्याच्या शेताला लागून त्यांचं घर होतं. मी जवळच एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो आणि शनिवार-रविवार ताईच्या हातचं जेवायला तिथे पडीक असायचो. त्यामुळे दाजींची भीती मी अगदी जवळून पाहिली. घरातून निघताना ते शेगडीची बटणं बघत, बघितली की नाही ते आठवेना म्हणून परत जाऊन बघत, आणि हायवेला लागलं की गॅरेजचं दार नक्की बंद झालं का, या विचाराने गाडी वळवत. नायगाऱ्याला निघालो तेव्हा आम्ही असे दोनदा घरी परत आलो. मग ताईने किल्ली स्वतःकडे घेतली, म्हणून मला तो धबधबा दिसला. तिथेही दाजी कठड्यापासून चांगले लांब उभे राहिले आणि ‘इथूनही आवाज मस्त येऊन राहिला’ असं आम्हाला सांगत राहिले.

या भीतीतूनच त्यांचं एक तत्त्वज्ञान तयार झालं होतं: वस्तू घ्यायची ती जुनीच. त्यात कंजूषपणा नव्हता. ‘नव्या वस्तूचे दोष अजून बाहेर यायचे असतात,’ ते मला समजावत, ‘जुनीचे येऊन चुकलेले असतात. काय बिघडणार ते आधी कळलं की माणूस निवांत झोपतो.’ त्यांचा सोफा, गवत कापायचं यंत्र, त्यांच्या मुलीची, मिनूची, सायकल, सगळं कुणीतरी आधी वापरलेलं. गाडी बघायला गेले तेव्हा ते घरून लाटणं घेऊन गेले. चालू इंजिनावर लाटण्याचं एक टोक टेकवून दुसरं कानाला लावलं की आतली खरखर ऐकू येते, ही विद्या त्यांना नागपूरच्या कुठल्याशा मेकॅनिकने दिली होती. गाडीचा मालक आधी हसला. पण डोळे मिटून, मिशा किंचित हलवत दाजी बराच वेळ तसेच उभे राहिले, तेव्हा तो बिचारा इतका धास्तावला की त्याने न विचारताच किंमत उतरवली. ती गाडी पुढे कधीच बंद पडली नाही, हेही सांगायला हवं.

अशा माणसाचा संसार चालला होता तो ताईच्या जिवावर. ताई साताऱ्याची. आमच्या सगळ्या भावंडांत विहिरीत वरून उडी मारणारी ती एकटी. वादळाचा भोंगा वाजला की दाजी मिनूला उचलून तळघरात जात आणि ताई मात्र घरामागच्या लाकडी डेकवर वाळत घातलेले पापड गोळा करून, ते नीट डब्यात भरून, मग खाली येत असे. दाजींची नोकरी आयटी सल्लागाराची होती. सोमवारी सकाळी विमानाने परगावच्या क्लायंटकडे जायचं आणि गुरुवारी संध्याकाळी परत यायचं. इतका घाबरट माणूस दर आठवड्याला घर सोडून जाऊ शकत होता, तो केवळ मागे ताई आहे म्हणून.

आणि २००३ च्या उन्हाळ्याच्या शेवटी ताईच घाबरली. पलीकडच्या घरात भरदुपारी चोरी झाली, त्यानंतर थोड्याच दिवसांत आपल्या डेकवर तिला चिखलाने भरलेल्या बुटाचा ठसा दिसला. मीटर बघायला येणाऱ्या माणसाचाही असेल तो. पण ताईचं काहीतरी बिनसलं. ती दाराला खुर्ची लावायला लागली. सोमवार ते गुरुवार तिला झोप येईना. डोळे आत गेले, मिनूवर उगाच ओरडणं सुरू झालं. एका रविवारी इडल्या वाढता वाढता ती अगदी शांतपणे म्हणाली, “मी मिनूला घेऊन साताऱ्याला जाते. तुम्ही या मागून, जमेल तेव्हा.” दाजींच्या हातात चटणीची वाटी होती, ती तशीच राहिली. स्वतः घाबरायची त्यांना सवय होती. ताई घाबरलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

क्लायंटच्या ऑफिसातल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने त्यांना उपाय सांगितला: पंप शॉटगन. या बंदुकीला नळीखाली एक मूठ असते. ती मागे ओढून पुढे ढकलली की काडतूस वर चढतं, आणि त्याचा असा काही आवाज होतो की चोर तो ऐकूनच पळतो, झाडायची वेळच येत नाही, असं त्याचं म्हणणं. झाडावी लागत नाही अशी बंदूक, ही कल्पना दाजींना फारच पसंत पडली. पुढच्या शनिवारी मी गेलो तर ते दिवाणखान्यात झाडू आडवा धरून सराव करत होते आणि तोंडाने ‘खटाक्-खट्’ असा आवाज काढत होते. मिनूने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, दॅट्स नॉट हाउ यू स्वीप.”

मग प्रश्न आला, नवी की जुनी. दाजींच्या तत्त्वज्ञानाप्रमाणे उत्तर सोपं होतं, पण तत्त्वज्ञान इथे पार अडकलं.

“जुनी घेतली,” ते मला म्हणाले, “आणि आधीच्या मालकाने ती वापरून काही करून ठेवलं असलं तर? पोलीस शोधत शोधत कुठे येतील? माझ्या घरी.”

“मग नवी घ्या.”

“नवीला फॉर्म भरावा लागतो. दुकानदार तिथूनच चेक करायला फोन लावतो. उद्या सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूमध्ये तो ऑफिसर म्हणाला की मिस्टर, तुम्हाला बंदूक कशासाठी लागून राहिली होती, तर काय सांगू? आवाजासाठी?”

मी हसलो, पण पुरतं हसू आलं नाही. त्या काळात विमानतळांवर आपल्या रंगाच्या माणसाला जरा जास्तच निरखून बघत, आणि दाजी तर दर सोमवारी तिथे रांगेत उभे असत, बूट हातात घेऊन.

तरी आम्ही एका दुकानात गेलोच. दाजींकडे ग्रीन कार्ड होतं, मी मात्र अजून व्हिसावर होतो, आणि व्हिसावरच्या माणसाने बंदुकीला हात लावायचा नसतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून मला दोन्ही हात खिशात घालून उभं राहायची ताकीद मिळाली. परिणाम एवढाच झाला, की दुकानदार बंदूक दाखवत होता दाजींना आणि नजर ठेवून होता माझ्या खिशांवर. नवी बंदूक चकचकीत होती, पण मूठ भारी कडक. दाजींनाच ती दात आवळून ओढावी लागली, ताईला कुठली ओढवणार. अर्धवट ओढली तर काडतूस मधेच अडकतं, असंही कळलं. दुकानदार म्हणाला, काही शे वेळा वापरलीत की आपोआप मऊ होईल. दाजींनी मनातल्या मनात काही शे चोर रांगेत उभे केले असावेत. त्यांनी त्याचे आभार मानले आणि आम्ही बाहेर आलो.

जुनीचा पत्ता त्यांना गावच्या पेपरातल्या जाहिरातीत मिळाला. शहराबाहेर एक म्हातारा शेतकरी आपली पंप शॉटगन विकत होता, कारण खांद्याला आता तिचा धक्का सोसवत नव्हता. या वेळी ताईलाही नेलं, मूठ तिच्याने ओढवते का ते बघायला. मिनूला शेजारच्या मावशींकडे ठेवलं. म्हाताऱ्याने बंदूक आतून रिकामी आहे ते दाखवलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. दाजी कामाला लागले. त्यांनी नळीत टॉर्च मारला, लाकडी दस्ता नखाने खरवडला, गंज शोधला, वास घेतला. मी खिशात हात घालून दाराशी उभा. मग त्यांनी अत्यंत आदराने विचारलं, हिने आजवर काय काय मारलंय? म्हातारा म्हणाला, बदकं, पण त्यातलीही बरीचशी उडून गेली. “आणि माणूस?” दाजींनी आवाज खाली आणून विचारलं. म्हाताऱ्याने त्यांच्या मिशांकडे पाहिलं, आपल्या बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, अजून तरी नाही.

ताईने बंदूक उचलली आणि मूठ ओढली. वर्षानुवर्षं वापरून ती इतकी गुळगुळीत झाली होती की लोण्यातून फिरावी तशी मागे गेली आणि पुढे आली. आवाजाने स्वयंपाकघर भरून गेलं.

“बघ,” दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हणून जुनी.” इतक्या आठवड्यांत त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला होता.

ताई तशीच उभी होती, बंदूक हातात घेऊन. “आणि हा आवाज ऐकून तो गेला नाही तर?” तिने विचारलं.

“जातोच म्हणतात.”

“नाही गेला तर? पुढचं मी करायचं ना? मिनू माझ्यामागे उभी असताना?”

गाडीच्या आधीच्या मालकापासून इडलीच्या पिठापर्यंत सगळ्याची उलटतपासणी घेणाऱ्या या माणसाला हा एक प्रश्न पडलाच नव्हता. ते ताईच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे बघत राहिले. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

“ठेव ती खाली,” ते शेवटी म्हणाले. “मी सोमवारी जात नाही.”

“या सोमवारी?”

“कुठल्याच.”

“नोकरी जाईल, अहो.”

“हो,” दाजी म्हणाले.

म्हाताऱ्याला यातलं एक अक्षरही कळलं नव्हतं. त्याने काळजीने विचारलं, बंदुकीत काही दोष निघाला का? दाजींनी त्याचा हात हातात घेतला. “गन इज व्हेरी गुड, सर,” ते म्हणाले. “प्रॉब्लेम इज विथ मी.”

त्या दिवसांत आयटीतल्या लोकांच्या नोकऱ्या पटापट जात होत्या. दाजींचीही गेली. दुसरी मिळाली ती हिवाळा सरता सरता, गावातच, आणि आधीपेक्षा पुष्कळ लहान. ताई साताऱ्याला गेली नाही. पुढे मीच ते गाव सोडलं. आता आमची गाठ वर्षा-दोन वर्षांनी पडते, आणि लोक दाजींचे किस्से सांगून हसतात तेव्हा मीही हसतो. पण मला आठवतो तो सोमवार. बॉस काय म्हणाला असेल या काळजीने माझं कामात लक्ष लागेना, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास मी ऑफिसातून त्यांच्या घरी फोन केला. दाजींनी पहिल्याच घंटीला उचलला.

“हळू बोल,” ते कुजबुजले. “ती झोपली आहे. मिनूला मीच शाळेत सोडून आलो. अजून कूसही बदलली नाही तिने.”

“अहो पण दाजी, नोकरीचं काय झालं?”

“ते बघू नंतर.”

सगळं आयुष्य आधीच बघून ठेवणाऱ्या या माणसाच्या तोंडून ‘नंतर’ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी रिसीव्हर अगदी अलगद खाली ठेवला, इकडे आवाज झाला तर तिकडे ताईला जाग येईल अशा बेताने.