नागेंद्रची अदलाबदल

बेळगावजवळच्या देसूरचा नागेंद्र मालगाडीवर गार्ड झाला आणि पहिल्या दिवसापासून संबलपुरात अडकला. पुढे रेल्वेने गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणायचं ठरवलं, तेव्हा गावातल्या बायकांनी त्याच्या आईकडे, जयाबाईकडे, पेढे मागितले. तिने दिलेही. मॅनेजर झालेला लेक मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटाच धक्के खात बसतो आणि बोलायला माणूस मिळावा म्हणून स्टेशनची वाट बघतो, हे काही तिने त्यांना सांगितलं नाही.

त्याला घरची आठवण येई, एवढं म्हणून भागणार नाही. घरी आई एकटी. रताळ्याचे वेल लावायचे दिवस आले की तिकडे ओडिशात त्याच्या जिवाची नुसती तगमग होई. जयाबाईचं शेत रुळांच्या कडेला. मालगाडी गेली की ती कमरेवर हात ठेवून शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत बघत राही. आपला पोरगा त्यात नाही हे तिला पक्कं ठाऊक असायचं, तरी बघायची.

घरी यायला एकच वाट होती, म्युच्युअल. म्हणजे तुमच्याच हुद्द्याचा कुणीतरी तुमच्या गावाकडे कंटाळलेला हवा आणि त्याचं गाव तुमच्या नोकरीच्या ठिकाणी हवं. दोघांनी सह्या करायच्या, जागा बदलायच्या. त्यासाठी देशभरच्या गार्डांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आणि तो वधूवर मेळाव्यापेक्षा काही वेगळा नाही. बरीच स्थळं फिस्कटल्यावर नागेंद्रला प्रफुल्ल साहू सापडला. गाव संबलपूरजवळ, नोकरी देसूरकडच्या हुबळी विभागात, आणि घरच्या ओढीने तोही तितकाच वेडापिसा झालेला. दोघांनी अर्ज केले. फाईल हुबळी आणि संबलपूरच्या मध्ये रांगू लागली.

तेवढ्यात एक भानगड झाली. साहूने हट्टाने नागेंद्रला आपल्या घरी जेवायला पाठवलं. साहूच्या आईला हिंदीही धड येत नव्हती. तिने पाण्यात भिजवलेला भात वाढला आणि समोर बसून राहिली. तो जेवून उठला तेव्हा तिने त्याच्या गणवेशाच्या पांढऱ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरली, जरा चाचपली आणि सोडली. लेकाचा शर्टही असलाच होता. त्यानंतर सुट्टी असली की नागेंद्र तिथेच जेवायला जाऊ लागला.

यंदा तो रजेवर घरी आला आणि बेळगावजवळच्या एका खासगी कंपनीने त्याला बोलावलं. त्यांचं मालगाड्या भरायचं नवं यार्ड सुरू होत होतं, रेल्वेतला जाणता सुपरवायझर हवा होता. पगार जवळपास तेवढाच. पण महिनाअखेर हजर व्हायचं, थांबायला ते तयार नव्हते. सकाळी स्कूटरवरून जायचं, संध्याकाळी आईच्या हातचं जेवायला घरी.

जयाबाई ऐकूनच हरखली. "सरकारी नोकरी गेली तर गेली," ती म्हणाली. "पोटाला का कमी पडतंय? तू घरात आसलास म्हंजे झालं." दुसऱ्या दिवशी तिने कपाट रिकामं करून त्याच्या कपड्यांना जागासुद्धा केली.

नागेंद्र होकार द्यायला निघाला. मात्र तो राजीनामा देणार म्हणजे साहूची फाईल बंद होणार, हे साहूला आधी सांगायला हवं होतं. यार्डाच्या फाटकाबाहेर स्कूटर लावून त्याने फोन केला. साहू गाडीवर होता, आवाज तुटत होता. नागेंद्रने तोंड उघडण्याआधीच तो हिंदीत ओरडून सांगू लागला, आई विचारते, तो पोरगा रजेवरून कधी येणार? तू नसलास की ती एकटीला कशाला म्हणून भात भिजवत नाही.

नागेंद्रने "येतो" म्हटलं. फोन खिशात टाकला, आत गेला आणि कंपनीच्या साहेबांना नाही म्हणून आला.

घरी येऊन त्याने सगळं खरं सांगितलं. आई शाबासकी देईल, असं त्या भाबड्याला वाटलं होतं.

"लोकाच्या आयची तुला दया," जयाबाई म्हणाली, "आणि माझी न्हाय व्हय रं?"

"आई, त्याचं सगळं अडकलं आसतं गं. फाईल मंजूर झाली की दोघंबी घरी."

"मी का त्याला घरी जाऊ नको म्हटलंय? पण तू हातात आलतास की रं माझ्या!"

ती रडली, आणि चांगली मोठ्याने रडली. त्याने समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, कारण ती बोलत होती त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यालाही रडू येत होतं. चहा झाला नाही, दिवा लावायचा राहिला.

बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं.

"किती दिस लागत्यात म्हटलास?"

"वर्ष. लई तर दोन."

जयाबाई उठली आणि कपाटातले त्याचे कपडे काढून बॅगेत भरू लागली.

"मी हाय तवर ये," ती म्हणाली. "बास."